नाव बदललं, आता गळती काढा

नगरच्या माणसाला त्याच्या गावाबद्दल विचारा. पहिल्या दोन मिनिटांत तीन वाक्यं ऐकायला मिळतील. एक, ‘त्या काळी आमच्या शहराची तुलना बगदाद आणि कैरोशी व्हायची.’ दोन, ‘फराहबाग बघूनच शहाजहानला ताजमहाल सुचला.’ तीन, ‘नेहरूंनी डिस्कव्हरी ऑफ इंडिया आमच्या किल्ल्यात लिहिलं.’

तिसरं खरं आहे. दुसरं वर्षानुवर्षं व्हॉट्सअॅपवर फिरतंय, आधार मात्र कुणी देत नाही. पण खरं-खोटं बाजूला ठेवा आणि एक गंमत बघा. तिन्ही वाक्यांत आपल्या गावाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी ठरवलेली आहे. बगदादशी तुलना झाली म्हणून आपण मोठे, ताजला कल्पना पुरवली म्हणून मोठे, नेहरू इथे कैदेत होते म्हणून मोठे. फराहबागेच्या तळ्यात पाणी कुठून यायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मी विचारून पाहिलंय. शंभरातले नव्वद जण म्हणतात, ‘पाऊस पडत असेल तेव्हा.’

माझं म्हणणं सरळ आहे. नगरचा वारसा म्हणजे पाच-सहा घुमट नव्हेत. पाणी, वेशी, पेठा, गल्ल्या आणि घरं यांची ती एक चालती व्यवस्था होती. आपण त्यातले घुमट तेवढे यादीत घातले, व्यवस्था मरू दिली, आणि आता उरलेल्या तुकड्यांसमोर उभं राहून फोटो काढतोय. वरून गेली काही वर्षं आपण शहराच्या नावावरून इतके भांडलो की शहराकडे बघायला कुणाला वेळच उरला नाही.

आठ स्वर्गांचा रिक्षा स्टॉप

सावेडीत राहणाऱ्या कुणालाही ‘भिस्तबाग चौक’ माहीत असतो. तिथून रिक्षा मिळते, वडापाव मिळतो, फ्लॅटच्या जाहिराती दिसतात. ‘भिस्त’ म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. ते फारसीतलं ‘बेहेश्त’, म्हणजे स्वर्ग. मूळ नाव ‘हश्त बेहेश्त बाग’, आठ स्वर्गांची बाग. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामशाहीत ती घडली. तळं, तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल आणि भोवती बाग. ही कल्पना इराणकडून आली. पण इस्फहानमधला जो हश्त बेहेश्त महाल बघायला जगभरातून लोक जातात तो १६६९चा आहे. आपला त्याच्या दीडशे वर्षं आधीचा. इस्फहानचा महाल बागेसकट उभा आहे. आपल्याकडे पडक्या भिंती आहेत आणि चौकाचं नाव आहे.

आणखी एक शब्द बघा. पखालीतून पाणी वाहणाऱ्याला आपल्याकडे ‘भिस्ती’ म्हणायचे. तोही याच ‘बेहेश्त’मधून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो स्वर्गातला माणूस. बाग आणि पाणक्या, दोघांनाही एकाच शब्दातून नाव मिळालं, कारण ज्या मुलखात पाऊस कमी तिथे स्वर्ग म्हणजे वाहतं पाणी. इराणी पठारावर हे जितकं खरं होतं तितकंच ते पर्जन्यछायेत पडलेल्या नगरात खरं होतं आणि आहे.

मग ते पाणी यायचं कुठून? डोंगराच्या पायथ्याशी, कापूरवाडी-शेंडीसारख्या गावांच्या बाजूला पाणी गोळा करायचं आणि जमिनीखालून, अगदी बेताचा उतार देत, शहरापर्यंत आणायचं. पंप नाही, वीज नाही. सगळं काम उताराचं. इराणात याच पद्धतीच्या भुयारी कालव्यांना ‘कनात’ म्हणतात. आपल्याकडे ‘खापरी नळ’ हा शब्द आहे. असे एक-दोन नव्हे, अनेक नळ नगरात येत. बागा, हमाम, मशिदी, हौद आणि घरं सगळी त्यांवर चालत. १८८४च्या गॅझेटिअरात या नळांची तपशीलवार माहिती आहे. म्हणजे निजामशाही बुडून अडीचशे वर्षं झाली, मोगल गेले, निजाम आले-गेले, पेशवे गेले, इंग्रज बसले, तरी ती व्यवस्था शहराला पाणी पाजतच होती.

आज शहर मुळा धरणाचं पाणी पितं. ते हवंच. पाच-सहा लाखांच्या शहराला खापरी नळ पुरणार नाहीत हे कळायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. पण नवी लाइन आली म्हणून जुनीचा नकाशासुद्धा ठेवायचा नाही, हे कुठलं शहाणपण? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात वीस वर्षांपूर्वीचा, कुणी लिहिलाय हे माहीत नसलेला कोड रोज समोर येतो. नवीन पोरगं आलं की त्याला तो लगेच उडवायचा असतो. सिनियर माणूस एकच प्रश्न विचारतो, ‘हा काय करतो ते वाचलंस का?’ नगरात रस्ता खोदताना, पाया खणताना, ड्रेनेज टाकताना किती ठिकाणी जुना नळ लागला असेल आणि जेसीबीच्या दोन फावड्यांत संपला असेल! तिथे हा प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं, कारण वाचायला नकाशाच नव्हता.

याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आहे. पाणी कसं अडवावं हे शिकायला देशभरातून लोक आपल्याकडे येतात. आणि जिल्ह्याच्या मुख्य शहराखाली साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं पाण्याचं जाळं पडून आहे, त्याचा सहलीच्या माहितीपत्रकात उल्लेखसुद्धा नाही. बुऱ्हाणपूरचा खुनी भंडारा बघायला लोक खाली उतरतात, तिथे अजून पाणी आहे. औरंगाबादची नहर ज्याच्या नावाने ओळखली जाते तो मलिक अंबर निजामशाहीचाच वजीर. ज्या राजवटीचा माणूस दुसऱ्या शहरात जाऊन पाण्यासाठी नाव कमावतो, त्या राजवटीच्या राजधानीला स्वतःचं पाणी आठवत नाही.

चांदबिबी महाल, जो चांदबिबीचा नाही

पाथर्डी रस्त्याने जाताना शाह डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते, तिला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो. ती सलाबतखानाची कबर आहे. मूर्तजा निजामशहाचा हा मंत्री. त्याने राज्य चालवलं, फराहबागेचं काम त्याच्या काळात पुरं झालं, आणि भातोडीचा तलावही त्याच्याच काळातला मानला जातो. याच भातोडीला १६२४ साली मलिक अंबरने तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीत सोडून लढाई फिरवली. म्हणजे एका माणसाभोवती बाग, तलाव, कबर आणि पुढची एक मोठी लढाई एवढं सगळं गुंफलेलं आहे. आपण त्याचं नाव पुसून टाकलं, आणि हे कुठल्या सरकारने किंवा संघटनेने केलेलं नाही. आपल्या आळसाने केलंय. चांदबिबीचं नाव जास्त रोमँटिक वाटलं, एवढंच.

हे सांगायचं कारण, नावाबद्दल आपण फार हळवे आहोत असं आपल्याला वाटतं. तसं काही नाही. झेंडीगेट म्हणतो, तिथे गेट नाही. मंगलगेट म्हणतो, तिथेही नाही. तोफखाना म्हणतो आणि तिथे पार्किंग शोधतो. ज्या शहरात १५४९ साली मलिक-ए-मैदान ओतली गेली ते हे शहर. तोफ आज विजापुरात आहे, तिथे तिला चौथरा आहे, पाटी आहे. नाव फुकट टिकतं. त्याला गवंडी लागत नाही, चुना लागत नाही, दरवर्षी पावसाळ्याआधी छत साफ करावं लागत नाही. म्हणून नावावर भांडणं सोपं.

‘वारसा तुझा, गळती आमची’

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती माझ्या घरातच बसलेली आहे.

जुन्या शहरात आमचा वाडा आहे. दगडी जोतं, वर लाकडी माळवद, मध्ये चौक, आणि सात-बारा उताऱ्यापेक्षा लांब वारसांची यादी. वडील, दोन चुलते, एक आत्या आणि त्यांची मुलं. एक खोली भाडेकरूकडे, भाडं असं की त्यात आज एक पिझ्झा येत नाही. दर जूनमध्ये माळवदातून पाणी गळतं. मातीचं काम जाणणारा गवंडी मिळत नाही. मिळाला तर परवडत नाही. बिल्डरने प्रत्येकाला एक टू-बीएचके आणि वर काही रक्कम देऊ केली आहे. मी पुण्याहून फोनवर वारशाबद्दल बोलायला लागलो की बाबा शांतपणे म्हणतात, “बाळा, वारसा तुझा, गळती आमची.”

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि वारशावर लेख लिहिणाऱ्या बहुतेकांकडे नसतं. हिंजवडीच्या अकराव्या मजल्यावर राहून म्हाताऱ्या माणसांना ‘तुम्ही लाकडी जिन्यानेच चढा’ असं सांगणं हा निर्लज्जपणा आहे. वाडा पाडायला निघालेला माणूस या गोष्टीतला खलनायक नाही. त्याच्यापुढे दोनच पर्याय ठेवणारी व्यवस्था खलनायक आहे. एक, गळतीत राहा. दोन, पाडा. मधला पर्याय कुणी ठेवलेलाच नाही.

कायद्याचं चित्र बघा. केंद्राचा पुरातत्त्व कायदा १९५८चा, त्यात २०१०ची दुरुस्ती. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. हेतू चांगला. पण माझ्या आतेभावाचं घर अशाच एका स्मारकाजवळ आहे. त्याला स्लॅबची दुरुस्ती करायची होती. अर्ज, नकाशा, फोटो, पुन्हा अर्ज. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. दोन पावसाळे गेले. आज त्या घरात ‘वारसा’ हा शब्द शिवीसारखा वापरतात. आणि तिथून थोडं लांब आलात की आमचा वाडा, ज्याला कुठलीच यादी नाही, कुठलाच नियम नाही. उद्या सकाळी पाडला तर कुणी हटकणार नाही. म्हणजे शंभर मीटरच्या आत माणूस गुदमरतो आणि शंभर मीटरच्या बाहेर वास्तू मरते. शहर तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होतं.

मधला पर्याय आकाशातून आणायचा नाही. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली, इमारतींना श्रेणी दिल्या. काही इमारतींना हात लावायचा नाही, काहींचं बाहेरचं रूप राखून आत बदल करता येतो. मालकाचा न वापरलेला बांधकामाचा हक्क टीडीआर म्हणून विकता येण्याची सोय ठेवली. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीतही वारसा यादीची तरतूद आहे. म्हणजे हत्यार दुकानात आहे, आपण ते उचलायचं आहे. आमच्या बाबांना उद्या कुणी सांगितलं की दर्शनी भिंत आणि चौक राखा, आत लिफ्ट घाला, संडास-बाथरूम नवे करा, आणि उरलेल्या हक्काचे पैसे घ्या, तर ते पहिल्या दिवशी सही करतील. त्यांना वाड्याचा राग नाही. त्यांना जूनची भीती वाटते.

वेस अडथळा आहे, मग आपण काय आहोत?

जुन्या शहरात कोंडी झाली की ‘ती वेस काढा एकदाची’ हा सूर निघतो. माळीवाडा वेस, दिल्ली दरवाजा. यांच्यात बस मावत नाही, टेम्पो मावत नाही, म्हणून त्या अडथळा.

वेशीच्या दोन्ही बाजूंना एकदा पायी चालून बघा. कोंडी कमानीत कमी आणि कमानीच्या अलीकडे-पलीकडे जास्त असते. डबल पार्किंग, दुकानाबाहेर आलेलं दुकान, थांबा नसलेल्या जागी थांबलेली रिक्षा. कमान पाडून तिथे जी जागा होईल ती आठवड्यात पार्किंगने भरेल. २०२२मध्ये शहरातून उड्डाणपूल सुरू झाला. जड वाहनं वरून गेली, चांगलं झालं. पण कापड बाजारात शिरायला त्यामुळे काही सोपं झालं नाही, कारण ती कोंडी वेगळी आहे. अरुंद पेठ ही चालण्यासाठी आखलेली असते. तिच्यात गाडी मावत नाही हा पेठेचा दोष नव्हे.

इराणनेही ही चूक आपल्या आधी करून पाहिली आहे. रझा शाहच्या काळात, १९३०च्या दशकात, जुन्या शहरांच्या मधून सरळसोट रस्ते कापले गेले. बाजार दुभंगले, मोहल्ले दोन तुकड्यांत गेले. पुढे त्याच देशाने उरलेलं सांभाळायचं ठरवलं. याझ्द हे मातीच्या घरांचं, वाऱ्याच्या मनोऱ्यांचं वाळवंटी शहर २०१७ साली जागतिक वारसा यादीत आलं. एखादी मशीद किंवा एखादा राजवाडा नव्हे, आख्खं जुनं शहर. त्याच्या आदल्या वर्षी कनात आले. इस्फहानात नक्श-ए-जहान चौकाजवळ उंच व्यापारी इमारत उभी राहिली तेव्हा युनेस्कोचा दबाव आला आणि वरचे मजले उतरवावे लागले. ही माहिती सांगून इराणची आरती ओवाळायची नाही. त्याच इस्फहानात झायांदे नदी वर्षातले कित्येक महिने कोरडी असते, तेहतीस कमानींचा पूल वाळूवर उभा असतो आणि जमीन खचतेय. दगड राखला, पाणी सोडलं, तर दगडही धोक्यात येतो. हा धडा त्यांनी महागात घेतला. आपल्याला तो फुकट मिळतोय, तर घ्यावा.

‘ते आपलं नाही’

एवढं बोलून झालं की मुख्य आक्षेप येतो. कधी उघड, कधी कुजबुजत. ‘जाऊ दे रे, ते काय आपलं आहे? निजामशहाचं आहे.’

आपलं म्हणजे कुणाचं? निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असं इतिहास सांगतो. त्याचा मुलगा मलिक अहमद, ज्याने २८ मे १४९० रोजी बहमनी फौज इथे हरवली आणि पुढे इथेच शहर वसवलं. शाह ताहिर इराणातून आला. तोफ ओतणारा रूमी होता, म्हणजे तुर्की. मलिक अंबर हबशी. मालोजी आणि शहाजी भोसले या दरबाराचे सरदार. मालोजींनी नगरच्या शाह शरीफ पिरावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. तो शरीफजी भातोडीच्या लढाईत पडला. आणि दगड कुणी फोडले, चुना कुणी मळला, खापराचे नळ कुणी भाजले? याच गावच्या पाथरवटांनी, गवंड्यांनी, कुंभारांनी. दमडी मशिदीबद्दल सांगतात की किल्ल्यावरच्या मजुरांनी मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढून ती बांधली. नेहमी राजाचं नाव आपण बघतो, म्हणून ते परकं वाटतं. हात बघितले की ओळखीचे निघतात.

आता नावाकडे येतो. २०२४मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. तुम्ही त्या बाजूचे होतात की विरुद्ध, याच्याशी या लेखाला देणंघेणं नाही. नाव झालंय. पण ज्या बाईचं नाव घेतलंय तिने आयुष्यभर काय केलं ते आठवा. चौंडीची, म्हणजे आपल्याच जामखेड तालुक्याची ही मुलगी. तिने स्वतःच्या राज्यात आणि राज्याबाहेरही विहिरी, बारवा, घाट, धर्मशाळा बांधल्या. पडलेलं उभं केलं, बुजलेलं उपसलं. आपल्या मुलखात नसलेल्या गावीही तिने पाण्याची सोय केली. वाटसरूला पाणी मिळालं पाहिजे, एवढंच कारण पुरे होतं.

अहिल्यादेवींचं नाव पाटीवर लावायचं आणि त्याच पाटीखाली जुना हौद कचऱ्याने भरायचा, हे चालणार नाही. तिच्या नावाच्या शहरात बुजलेला नळ, पडकी बारव, कोसळती वेस दिसली तर ती त्या नावाला लाज आहे. ज्यांनी नावासाठी मोर्चे काढले त्यांनी हे पहिलं उचललं पाहिजे. ज्यांनी विरोध केला, इतिहास वाचवा म्हणून सह्या गोळा केल्या, त्यांनीही उचललं पाहिजे, कारण इतिहास कागदावरच्या नावात जितका होता त्याहून जास्त तो जमिनीखाली आहे. दोन्ही बाजूंना एकत्र आणणारं याहून सोपं काम मला दिसत नाही.

मागण्या चारच. महापालिकेने जुन्या शहराची वारसा यादी करावी, त्यात घुमटांबरोबर वाडे, वेशी, हौद आणि पेठाही असाव्यात. खापरी नळांचा नकाशा काढावा आणि कुठल्याही खोदकामाच्या परवानगीआधी तो बघणं बंधनकारक करावं. वाड्याच्या मालकाला टीडीआर आणि दुरुस्तीचा सल्ला एकाच खिडकीत मिळावा. आणि संरक्षित स्मारकाजवळच्या घराला साध्या दुरुस्तीची परवानगी ठरलेल्या दिवसांत मिळावी, नाही तर का नाही हे लेखी मिळावं.

नकाशाचं काम आपल्याला आजही सुरू करता येईल. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यात जीपीएस आहे, कॅमेरा आहे. आजोबांना विचारा तुमच्या गल्लीत हौद कुठे होता, पाया खणताना खापराचा नळ कुठे लागला होता. जागा नोंदवा, फोटो काढा, मुक्त नकाशावर टाका. हे सांगू शकणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत. दगड कदाचित आणखी पन्नास वर्षं थांबेल. ती थांबणार नाहीत.

आमच्या वाड्याच्या कागदांवर मी अजून सही केलेली नाही. बाबांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर मला त्यांच्यासाठी तिसरा पर्याय शोधायचा आहे, आणि माळवदाचं काम जाणणारा एक गवंडी. माहितीतला कुणी असेल तर कळवा.